बांगड्यांची चमकी

॥ श्री ॥

अर्जुनी, ता. १९ जानेवारी १९५८

ती. सौ. सुंदरवहिनीस,

गोमतीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे मी बरी आहे, तुम्हा सर्वांची खुशाली कळवत जावी.

खोली मिळाली हे आधी लिहिते, कारण बाबूजी तेच आधी विचारतील. पोस्टाच्या मागे एका वृद्ध मास्तरणीचं घर आहे, त्यातली पडवीकडची खोली. अंगणात विहीर आहे, दाराला आतून कडी आहे, आणि मास्तरणीबाईंना झोप इतकी कमी की चोर आला तर तोच कंटाळून परत जाईल. काकांनाही हे ऐकवा. विधवा पोरगी परगावी एकटी राहते म्हणून ते बाबूजींना रोज टोचत असतील, हे मला इथे बसून दिसतं. होळीपर्यंत राहून बघ, मग ठरवू, असं बाबूजी म्हणाले होते. ते मी विसरलेली नाही.

वहिनी, काम जमायला लागलं. ग्रामसेविका म्हणजे देवीची लस टोचणारी बाई, असं पहिले दोन महिने गावाला वाटत होतं. मी दिसले की बाया लेकरं उचलून घरामागे पळायच्या. आता सोमवारी आणि गुरुवारी बारा-तेरा जणी स्वतःहून येतात. विकास ब्लॉकच्या कचेरीतून मेण, सूत आणि टिनाचे साचे आले आहेत, तेव्हा आम्ही मेणबत्त्या करतो. महाशिवरात्रीला इथून जवळच प्रतापगडच्या डोंगरावर महादेवाची जत्रा आहे. डोंगरावरच्याच दर्ग्यात मेणबत्ती लावायला सगळ्या जातीची माणसं जातात, म्हणून तिथे विकायच्या ठरल्या. पण पांढरी मेणबत्ती कोणत्याही दुकानात मिळते, मग आमची कोण घेणार? म्हणून मी चमकी काढली. मेणबत्तीला डिंकाचा हात द्यायचा आणि परातीत पसरलेल्या चमकीवर हलकेच लोळवायची. रुख्मा नावाची एक सून येते, लग्नाला वर्षही झालं नाही. तिने आपल्याच डोक्याने मेणबत्तीला आधी दोरा गुंडाळला, मग डिंक लावून चमकीत लोळवली आणि दोरा सोडवला. अंगभर पांढरी-सोनेरी वेल उमटली. सगळ्या जणी बघतच राहिल्या.

तिची सासू गीताबाई दारात हाताची घडी घालून बसते. आत येत नाही आणि घरीही जात नाही. परवा मला म्हणाली की जळूनच जाते त्या मेणबत्तीले कायले सजवता. याला काय उत्तर द्यावं, सुचलं तर कळवा.

एक काम आहे. ट्रेनिंगहून आणलेली चमकी संपत आली. दुर्गाभाऊ गोंदियाला बाजारात जातील तेव्हा सोनेरी आणि लाल चमकीच्या पुड्या घेऊन अर्जुनीला येणाऱ्या कोणाजवळ द्याव्यात. जत्रेआधी पाहिजे. बाबूजींना नमस्कार. लहान बाळाला पापा. माया आहे तशी राहू द्यावी.

तुमची,
गोमती

॥ श्री ॥

चोरखमारा, ता. २२ जानेवारी १९५८

चि. गोमतीस,

सुंदरचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मी ते वाचून दाखवलं तं बाबूजींनी हूं केलं आणि बाहेर निघून गेले. दुपारी मी धान वाळवून परत आली तं पाहते, चष्मा लावून तेच पत्र घेऊन बसले होते. मला पाहून पंचांगाखाली सरकवलं. मी काही पाहिलंच नाही असं केलं.

खोलीला कडी आहे हे वाचून माझा जीव खाली बसला. तुझी वेणी मी तू सात वर्षांची असल्यापासून घातली आहे, तेव्हा काळजी करायचा हक्क माझा तुझ्या बाबूजींहून कमी नाही. काका परवा आले होते. पोरगी सरकारी झाली, आता परत काय येते, असं बोलले. बाबूजी पंचांग चाळत राहिले. ते काही बोलले नाहीत की मला जास्त भीती वाटते.

आता तुझ्या भावाचं ऐक. गोंदियाला गेले, बैलांसाठी घुंगरमाळा आणल्या, स्वतःला जोडा आणला, माझ्यासाठी काही नाही आणि तुझी चमकी तं साफ विसरले. मी विचारलं तं डोक्याला हात लावला. पुढच्या बाजाराला नक्की, म्हणतात. तोवर काहीतरी जुगाड कर, तू हुशार आहेस.

गीताबाईला सांग, जेवणही पोटातच जाते, तरी आपण मीठ-फोडणी घालतोच. तळ्याला पाणी चांगलं आहे, शेतात लाखोळीचं पीक फुललं आहे. बाळाला दोन दात आले, आणि पहिला चावा त्यानं काकांनाच घेतला. जिवाला जपून राहा आणि आम्हाला मनातून काढू नको.

तुझी वहिनी,
सुंदर

॥ श्री ॥

गोंदिया, ता. ६ फेब्रुवारी १९५८

ती. सौ. वहिनीस,

गोमतीचा नमस्कार. पत्राच्या वर गोंदिया वाचून घाबरू नका. आधी चांगली बातमी सांगते: डोळा वाचला. काल पट्टी निघाली, दिसतं आहे. हे दोनदा वाचा आणि मगच पुढचं वाचा.

डोळा रुख्माचा. झालं ते असं. तुमचं पत्र आलं तेव्हा चमकी संपली होती आणि जत्रेला तीन आठवडे उरले होते. संक्रांतीला बायांनी नव्या बांगड्या भरल्या होत्या आणि जुन्या वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे घरोघर पडून होते. माझ्या मनात आलं की काचच ती, कुटली तर चमकेलच. मी सगळ्यांना तुकडे आणायला सांगितले. खलबत्त्यात कुटून पातळ फडक्याने चाळले. हिरवी, लाल, निळी पूड निघाली, आणि वहिनी, मेणबत्तीवर ती इतकी सुंदर दिसली की गीताबाईसुद्धा दारातून उठून आत आली.

सोमवारी २७ तारखेला रुख्मा चुलीजवळ मेण वितळवत होती. घाम आला म्हणून तिने पदराने डोळा पुसला. त्याच पदरावर काचेची पूड होती. तिने आरोळी मारली नाही, फक्त खाली बसली. मी पाण्याने डोळा धुतला, पण संध्याकाळपर्यंत तो उघडेना. मी तिच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते लिहीत नाही. एवढंच लिहिते की गीताबाई जे बोलली ते मी ऐकून घेतलं.

मंगळवारी त्यांनी एरंडेल घातलं, जाणत्याला दाखवलं. डोळा सुजून बोराएवढा झाला. गीताबाई म्हणत होती की प्रतापगडला नेऊन नवस बोलू. मी म्हटलं नवस जरूर बोला, पण गाडीने गोंदियाला चला. रुख्माचा नवरा चैतराम शांत माणूस आहे, घरात आवाज न निघणारा. तो उठला आणि आईला म्हणाला, "नवस मी बोलतो. तू हिच्यासंगं गाडीत बस." बुधवारी आम्ही तिघी छोट्या लाइनच्या गाडीने इथे आलो. अर्ध्या वाटेपर्यंत गीताबाई माझ्याकडे पाठ करून बसली. मग सौंदडच्या पुढे तिने आपल्या फडक्यातली अर्धी भाकर माझ्या मांडीवर ठेवली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बुबुळावर रुतलेले दोन कण सुईच्या टोकाने काढले. मी रुख्माचं डोकं धरून होते. जखम पिकली नाही तर नजर राहील, पिकली तर सांगता येत नाही, असं म्हणाले. आठ दिवस पट्टी. आम्ही स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत राहिलो. तिथल्या ओसरीवर तीन दगडांची चूल मांडून गीताबाई भात रांधायची, मी रुख्माला भरवायची. त्या दिवसांत मला भाताची चव कळली नाही.

काल पट्टी सोडली. डॉक्टरांनी चांगला डोळा हाताने झाकला आणि काय दिसतं ते विचारलं. रुख्माने डोळा दोनदा मिटून उघडला. मग म्हणाली, "मामीच्या लुगड्याचा काठ सुटून राहिला." सासूला ती मामी म्हणते. गीताबाई तिथेच जमिनीवर बसली. पदर तोंडाला लावून एवढी रडली की बाहेरची माणसं डोकावली, आणि मग उठून कंपाउंडरलाच रागावली की एवढ्या दिवसांत आम्हाला काही नीट सांगितलं काऊन नाही. मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

आता तुम्ही रागवाल की गोंदियात आठ दिवस राहून घरी निरोप कसा नाही. वहिनी, डोळा जातो की राहतो हे कळल्याशिवाय तुमच्यासमोर उभं राहायचं धैर्य मला नव्हतं. उद्या आम्ही अर्जुनीला परततो. बाबूजींना तुम्हीच सांगा, हळूच. काही लपवू नका. रागावलात तरी प्रेमाला तोडू नका.

तुमची,
गोमती

॥ श्री ॥

चोरखमारा, ता. ७ फेब्रुवारी १९५८

चि. गोमतीस,

आशीर्वाद. घाईत लिहिते. तुझं पत्र पंधरा दिवसांत आलं नाही. काल काका बाजारातून सांगत आले की अर्जुनीला आपल्या गोमतीच्या वर्गात एका सुनेचा डोळा फुटला, आणि बाया म्हणतात, रिकाम्या हाताच्या बाईनं सवाशिणींच्या बांगड्या कुटल्या म्हणून असं झालं. बाबूजी जेवत होते. हात धुतला आणि उठले. ताटात अर्धा भात तसाच.

खरं काय ते तूच लिही. तू काही वाईट केलं असशील असं मला वाटत नाही, आणि केलं असशील तरी तू माझीच आहेस. बाबूजी गुरुवारी १३ तारखेला तुला आणायला येतात. पेटी भरून ठेव, असं सांगायला सांगितलं आहे. मी त्यांना म्हटलं, आधी पत्राची वाट पाहा. ते म्हणाले, पत्र खूप झाले.

तुझ्या भावानं चमकी आणली आहे. तीन पुड्या. देऊ की नको ते समजत नाही म्हणून फळीवर ठेवली. बाबूजींच्या हाती देते, त्यांना वाटेल तं देतील.

रडू नको. घर तुझं आहेच, आल्यावरही राहील. पत्रोत्तर टाक आणि जीव थोडा हलका कर.

तुझी,
सुंदर

॥ श्री ॥

अर्जुनी, ता. १९ फेब्रुवारी १९५८

ती. सौ. वहिनीस,

गोमतीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुमचं मला ८ तारखेला मिळालं आणि माझं तुम्हाला त्याच सुमारास मिळालं असेल. बाबूजी येऊन गेले, आणि मी अजून इथेच आहे. हे कसं झालं ते मलाही नीट समजलेलं नाही. तुम्हाला समजलं तर मला कळवा.

क्रमाने सांगते. परत आल्यावर पहिलं काम म्हणून ब्लॉकच्या साहेबांना अर्ज लिहिला. बायांनी आपल्या मनाने काच वापरली असं लिहा, म्हणजे तुमच्यावर येणार नाही, असं हेडक्लार्कने सुचवलं होतं. मी जे घडलं ते लिहिलं. लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. काचेच्या मेणबत्त्या मी एकेक मोजून खड्ड्यात पुरल्या. किती सुंदर होत्या, तरी पुरताना हलकं वाटलं.

सोमवारी वर्गाला कोणी आलं नाही. मी चटई अंथरून दोन तास बसले आणि गुंडाळून घरी आले. तुमचं पत्र आलेलंच होतं. पेटी भरली. गुरुवारी सकाळी चटईही अंथरणार नव्हते, पण सरकारी वेळ आहे म्हणून गेले. पाहते तर गीताबाई आधीच येऊन बसलेली, दारात नाही, आत. तिच्या मागे रुख्मा, डोळ्यावर हिरवं फडकं. तिच्या मागे आणखी नऊ जणी. मी काही विचारायच्या आत गीताबाई म्हणाली की मेण तापवाले किती वेळ लागते, जत्रा तीन दिवसावर आली. मी साचे पुसायला घेतले.

बाबूजी दुपारच्या गाडीने आले. मी त्यांना दारात पाहिलं तेव्हा हातात मेणाचं भांडं होतं. ते म्हणाले, चालू दे. आणि कोटाच्या खिशातून तीन पुड्या काढून चटईवर ठेवल्या. बाया डोक्यावर पदर ओढून भिंतीला लागल्या. बाबूजी मग बाहेर गेले ते गीताबाईच्या पाठोपाठ. घर दाखवते म्हणाली ती. तासाभराने आले. मास्तरणीबाईंकडे जेवले. माझी भरलेली पेटी कोपऱ्यात होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. स्टेशनवर जाताना मी पेटी उचलायला लागले, तर म्हणाले, "ती कायले घेते? राहू दे." गाडी सुटायच्या आधी एवढंच बोलले की खोलीच्या दाराची कडी सैल झाली आहे, सुताराकडून बसवून घे. वहिनी, मी गाडी नजरेआड होईपर्यंत तिथेच उभी होते. मग फलाटावरच्या बाकावर बसून पोटभर रडले. दुःखाने नाही. आठ-पंधरा दिवस छातीवर धरून ठेवलेलं ओझं कोणीतरी अलगद उतरवून घ्यावं, तसं झालं.

जत्रेची हकीकत अशी की आमच्या सगळ्या मेणबत्त्या दुपारपर्यंत संपल्या. रुख्माला मी चमकीजवळ बसू देत नाही. ती लांबून दोरा कसा गुंडाळायचा ते सांगते, आणि बाकीच्या तिच्या सांगण्याप्रमाणे करतात. परातीवर आता कोणी वाकत नाही आणि काम झाल्यावर हातपाय धुतल्याशिवाय पदराला कोणी हात लावत नाही. हे नियम मी नाही, गीताबाईने केले. चैतरामने नवस बोलला होता, तो फेडायला आमचीच एक मेणबत्ती घेऊन दर्ग्यात गेला. मी थोडी लांब उभी राहिले. रुख्मा फडकं वर करून ज्योत बघत होती. दोन्ही डोळ्यांनी.

बाबूजी घरी काय बोलले ते लिहा. माझ्यावर जीव आहेच, तो कमी करू नये.

तुमची,
गोमती

॥ श्री ॥

चोरखमारा, ता. २४ फेब्रुवारी १९५८

चि. गोमती हिस,

मनोहरलालचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र सौ. सूनबाईंनी वाचून दाखवले. बाबूजी घरी काय बोलले असे तू विचारले आहेस. सूनबाई म्हणतात की मी लिहिणार नाही, तुम्हीच लिहा. म्हणून लिहितो. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकले तर समजून घे.

मी तुला आणायलाच आलो होतो. ६ तारखेचे तुझे पत्र ऐकले होते, डोळा वाचल्याचे कळले होते, तरी आलो. मनात होते की एवढ्यावर निभावले, आता पुरे. तुझे परतीचे तिकीटही येतानाच काढून ठेवले होते.

गीताबाईने मला अंगणात खाट टाकून दिली. मी सांगितले, पोरीला न्यायला आलो आहे. ती म्हणाली, तुमची पोरगी आहे, न्या, पन आदी आयका. मग तिने त्या संध्याकाळचे सांगितले, जे तू पत्रात लिहिले नाहीस. अंगण माणसांनी भरले होते. शेजारणी म्हणत होत्या की सुनेनेच पदराची काळजी घेतली नाही. गीताबाई स्वतः तुझ्या रिकाम्या हातांबद्दल बोलत होती. ते शब्द तिने मला जसेच्या तसे सांगितले, आणि सांगताना मान खाली घातली. तेवढ्यात तू आलीस. सगळ्यांसमोर म्हणालीस, "काच कुटायला मी सांगितली. डोळ्यात गेली तर काय, असं रुख्माने मला विचारलं होतं. मी हसले. चूक तिची नाही, माझी आहे." तुला कोणी विचारले नव्हते. तिने तुला चालती हो म्हटले, तर तू अंगणाबाहेर जाऊन उभी राहिलीस, पण गेली नाहीस.

गीताबाई मला म्हणाली, "चाळीस वर्सं झाले मले या गावात. पटवारी आले, अमीन आले, साहेब आले. माही चूक झाली म्हनून दारात येऊन सांगनारं मानूस हे पयलंच पाह्यलं. तुमी तिले न्या. मंग आमच्या पोरीबाईले शिकवाले कोनाले पाठवसान, तेवढं सांगून जा."

मी खाटेवरून उठलो. तुझे तिकीट खिशातच राहिले.

तुझा नवरा गेला तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस. त्या दिवसापासून मी तुला घरात सांभाळून ठेवायचेच पाहिले. दुसरे काही मला सुचले नाही. तुला ट्रेनिंगला पाठवले तेही सूनबाईंनी हट्ट धरला म्हणून. हे तुला कधी सांगितले नव्हते.

होळीचे मी बोललो होतो. होळीला सण म्हणून ये, सुट्टी मिळाली तर. नाही मिळाली तर मीच येऊन जाईन, वहिनीलाही घेऊन येईन. काकांना मी सांगितले आहे की गोमती नोकरीवर आहे. ते दोन दिवस आले नाहीत. काल आले, चहा घेतला, धानाचा भाव विचारून गेले.

त्या दिवशी परतताना गोंदिया स्टेशनवर आपल्या गावचे उदारामजी भेटले. त्यांना सर्व माहीत होते. त्यांनी माझ्या मागे पाहिले आणि विचारले की पोरीला आणायला गेले होते ना, मग एकटेच कसे आले. मी म्हणालो, आणायला नाही, भेटायला गेलो होतो.

प्रकृतीला जपावे. आमची सर्वांची माया तुझ्या पाठीशी आहे हे जाणावे.

तुझा,
बाबूजी